शिवी न देणारं गिऱ्हाईक

वेल्मा बॉस्टिकच्या खिडकीवर शिवी फुकट मिळायची. बाकी सगळ्याला पैसे पडत.

"बोल रे ठोंब्या, मागं रांग लागलीय. का तोंडात मोजा कोंबून आलायस?" ती खिडकीतून ओरडली की समोरच्या माणसाचा चेहरा फुलायचा. तोही तयारीनंच आलेला असायचा. "तुझं थोबाड बघून भूक मेली गं माझी. तरी दे एक, बागेतून फिरवून आण." म्हणजे सॉसेजवर मोहरी, हिरवीगार गोड चटणी, कांदा, टोमॅटो, लोणच्यातल्या काकडीची उभी फाक, तिखट मिरच्या आणि सगळ्यात शेवटी सेलरीचं मीठ. खसखस लावलेला पाव वाफेतून काढून त्यात ही सगळी बाग बसवताना वेल्माचे हात एकदाच फिरायचे; तोंड मात्र थांबायचं नाही. वर गरम फ्राइज ओतून कागदाची गुंडाळी, आणि हातात देताना एक शेवटची शिवी. ती राहिली तर माणसं खिडकीपाशी घुटमळायची, सुट्टे परत मिळायचे राहिल्यासारखी.

शिकागोत कोपऱ्याकोपऱ्यावर हॉट डॉगची टपरी, आणि कुठल्याही टपरीवाल्याला विचारा, पावात अख्खी बाग भरायची शक्कल त्याच्याच आजोबाची. कुणाचा आजोबा ग्रीक, कुणाचा इटालियन, कुणाचा ज्यू, आणि झाडून सगळे पहिले. या एका बाबतीत हे शहर इतकं बेधडक थापा मारतं की ऐकणाऱ्यानं मान डोलवावी आणि खात राहावं. थनासिस कूरेलिसच्या टपरीला निदान एक जिवंत पुरावा तरी होता. तो वरच्या खोलीत राहायचा.

त्याचं नाव मेंडल पोमेरान्झ, वय ऐंशीच्या पुढं. १९३०नंतरच्या मंदीच्या काळात त्यानं आणि थनासिसच्या बापानं, स्टेलिओसनं, मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात भागीत हातगाडी लावली होती. एक रशियातून पळून आलेला ज्यू, दुसरा ग्रीसच्या डोंगरातला मेंढपाळ. दोघांना मिळून इंग्रजीचं एक धड वाक्य येत नव्हतं, शिव्या मात्र दोघांनी आधी शिकून घेतल्या. पुढं स्टेलिओसनं ही लाकडी दुमजली इमारत घेतली, खाली टपरी काढली आणि वरची खोली मेंडलला मरेपर्यंत दिली. कागद नाही, नुसता शब्द. स्टेलिओस वारला, आणि इमारतीबरोबर तो शब्दही थनासिसच्या वाट्याला आला.

रोज दुपारी वरच्या खिडकीतून दोरीला बांधलेली वेताची टोपली खाली यायची. वेल्मा तीत हॉट डॉग ठेवायची आणि मान वर करून बोंबलायची, "घे रे थेरड्या! अजून आहेस का?"

"तुझ्या हातचं खाऊन मरायचा रोज प्रयत्न करतोय गं सटवे," वरून आवाज यायचा, "पण तुला तेही नीट जमत नाही!"

रांग टाळ्या वाजवायची. टोपली झोकांड्या खात वर जायची.

वेल्मा मिसिसिपीतून आली तेव्हा तरणी होती. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी खिडकीवर तिला "हिडिंबे" म्हटलं आणि ती मागच्या खोलीत जाऊन रडत बसली. तेव्हा मेंडल जिना उतरून तिच्याजवळ बटाट्याच्या पोत्यावर टेकला होता.

"मंदीत माणसं गाडीपाशी यायची," तो म्हणाला होता, "वास घेत उभी राहायची. खिशात काही नाही. फुकट दिलं की मान खाली घालून निघून जायची. मग मी ओरडायचो, ए आळशा, हा पाव फाटलाय, कुत्र्याला टाकणार होतो, घे आणि तोंड काळं कर. की घ्यायचा! वर मलाच चार शिव्या देऊन जायचा, ताठ मानेनं. भीक घेतल्यासारखं वाटायचं नाही ना त्याला, भांडण झाल्यासारखं वाटायचं. कळलं? आणि माझ्याशी गोड कोण बोलायचं सांगू? घरमालक. भाडं वाढवायचं असलं की हॅट काढून, वाकून, मिस्टर पोमेरान्झ, आपली तब्येत कशी आहे?"

वेल्माला हे समजावून सांगायची फारशी गरज नव्हती. सभ्य माणसं तिनं गावाकडं पाहिली होती. एका संध्याकाळी तिच्या मामाच्या दारात तीन गोरे येऊन, तिच्या मामीला "गुड इव्हनिंग" म्हणून, त्याला जरा बाहेर येता का असं अगदी हळू आवाजात विचारून घेऊन गेले होते. मामा परत आला नाही. त्या हळू आवाजाचा काटा तिच्या अंगावर अजून यायचा.

म्हणून सप्टेंबर सरता सरता एक राखाडी हॅटवाला पहिल्यांदा खिडकीवर आला, तेव्हा तिचा हात मोहरीच्या बरणीवरच थांबला.

"काय रे, कुणाच्या मयताला निघालास? का स्वतःच्याच?" तिनं नेहमीसारखी सलामी दिली होती.

माणसानं हॅट काढली. "माफ करा बाईसाहेब, आपल्याला त्रास देतोय. सवड असेल तेव्हा एक हॉट डॉग द्याल का? फक्त मोहरी घालून."

काझिक पोस्टमन, जो रोज टपालाची पिशवी खाली ठेवून आधी शिव्या खायचा आणि मग हॉट डॉग, तो खो खो हसला. त्याला वाटलं, हा गडी कसलेला दिसतोय, आता पुढं काहीतरी जबरदस्त येणार. काही आलं नाही. माणसानं बाजूला उभं राहून सावकाश खाल्लं, कागदाची चौकोनी घडी करून डब्यात टाकली आणि परत खिडकीपाशी आला.

"उत्तम होता. आपले आभार."

"आभार तुझ्या आजीला सांग, टोणग्या!" वेल्मा म्हणाली. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

तो पुन्हा आला. मग पुन्हा. दर वेळी हॅट काढायचा, दर वेळी एखादा प्रश्न. "इमारत सगळी लाकडाचीच का हो? जुनी कामं किती सुंदर असायची." किंवा, "रविवारी आपण बंद ठेवता, नाही का? बरोबरच आहे, विश्रांती हवीच." एकदा त्यानं विचारलं, "वर कुणी राहतं का?"

"माझा नवरा राहतो. कुऱ्हाड घेऊन," वेल्मा म्हणाली.

नेमकी त्याच वेळी टोपली खाली आली. माणसानं टोपलीकडं पाहिलं, दोरीवरून नजर वर नेली आणि खिडकीतल्या मेंडलला हॅट उंचावून नमस्कार केला.

"हा कोण गं?" वरून म्हातारा ओरडला. "एवढा वाकतोय कशाला? माझं काय हरवलं बघू दे आधी!"

सगळे हसले. वेल्माला हसू आलं नाही.

आता थनासिसबद्दल सांगायला हवं, कारण तो काही वाईट माणूस नव्हता, आणि हेच सगळ्यात वाईट होतं. गोल, घामट, मोठ्या आवाजाचा. वीस-एक वर्षं त्यानं वेल्माला "तोफ" म्हटलं आणि तिनं त्याला "चरबीचं पिंप". तिचा नवरा गेला तेव्हा "रडून रडून कांदे खारट करशील, घरी मर जाऊन" असं ओरडून त्यानं तिला घरी धाडलं होतं, आणि मागून महिनाभर स्वतःच्या हातानं तिच्या दारात जेवण नेऊन ठेवलं होतं. पण समोर हॅम्बर्गरवाल्या मोठ्या कंपनीचं दुकान उघडलं, रंगीत प्लास्टिकच्या खुर्च्यांचं, जिथं कागदी टोप्या घातलेल्या पोरी प्रत्येक गिऱ्हाइकाला पाठ केलेलं गोड वाक्य म्हणून दाखवायच्या. आणि लोकांना काय, तेही आवडायला लागलं. टपरीवरची रांग आखडली. तसा थनासिसचा आवाजही बसत गेला. आधी ओरडणं थांबलं, मग कुरकुरणं.

एका शनिवारी वेल्मा कामावर आली तेव्हा गल्ल्यामागच्या भिंतीवर दोन फिके चौकोन दिसत होते. एका चौकोनात स्टेलिओस आणि मेंडलचा हातगाडीशेजारचा फोटो असायचा, दुसऱ्यात मेरीमातेची तसबीर. बापाच्या काळापासून त्या दोन्ही गोष्टी जागच्या हलल्या नव्हत्या. भिंत धुतानासुद्धा त्यांच्याभोवतीनं धुवायची.

"फोटो कुठं गेला रे पिंपा?"

"काच पुसायला दिलीय," थनासिस म्हणाला. तिच्याकडं न बघता. पिंपा म्हटल्याचं त्याला काही नाही.

सोमवारसाठीचे पावही आले नव्हते. पाववाल्यानं सांगितलं, मालकानं नको म्हटलंय. वेल्मानं दिवसभर हात चालवले, शिव्या दिल्या, पण तिचं लक्ष त्या फिक्या चौकोनांवरून हलेना. राखाडी हॅटवाला दुपारी आला नाही, आणि त्याचंही तिला बरं वाटलं नाही. संध्याकाळी खिडकीची फळी खाली ओढल्यावर थनासिस तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्यानं ॲप्रनला हात पुसले आणि एक हात पुढं केला.

"वेल्मा, तुम्ही आमच्यासाठी फार केलंत," तो म्हणाला. "थँक्यू."

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. आता पुढं येईल. 'तोफे' येईल, 'आता चालती हो' येईल, काहीतरी येईल. त्यानं फक्त तिचा हात हलवला. गरम पाण्यात दिवस काढणाऱ्या त्या माणसाचा तळवा बर्फासारखा गार होता.

त्या वर्षी त्या भागात इमारती जळत होत्या. मालक आदल्या दिवशी भिंतीवरचे फोटो घेऊन जायचा, दुसऱ्या दिवशी आग लागायची, आणि तिसऱ्या दिवशी विम्याचा माणूस राखेत बूट खराब करत फिरायचा. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी तोंडानं बोलत नव्हतं. वेल्माच्या मनात लाकडी भिंती, बंद रविवार, फिके चौकोन आणि तो गार तळवा एकापाठोपाठ एक येऊन बसले. ती मागच्या जिन्यानं धावत वर गेली.

मेंडल खाटेवर बसून पायमोजे रफू करत होता. दाराजवळच्या खिळ्यावर त्याचा चामड्याचा पट्टा लटकत होता, खांद्यावरून घेऊन हातगाडी ओढायचा, घामानं काळा पडलेला.

"आलीस? बरं झालं," तो म्हणाला. "ऐक मजा. सकाळी थनासिस वर आला होता. टोपी हातात धरून! म्हणतो कसा, मिस्टर पोमेरान्झ, कृपा करून उद्याचा दिवस आणि रात्र आपल्या भाचीकडं काढा, टॅक्सी मी पाठवतो. मिस्टर पोमेरान्झ! ज्याचं ढुंगण मी धुतलं, तो मला मिस्टर म्हणतो!"

"मग? जाताय ना?"

"जातोय? खुळी का काय! खोली हवीय त्याला. माझी पाठ फिरली की कुलूप बदलणार. पण मी कुणाच्या बापाला ऐकणार नाही." म्हाताऱ्यानं डोळे मिचकावले. "टॅक्सी येईल. मी हसत बसेन, टाटा करेन. कोपऱ्यावर उतरेन आणि मागच्या जिन्यानं परत. कडी लावून बसतो की नाही बघ. त्याला पत्ताही लागायचा नाही."

थनासिसनं त्याला वाचवायचा प्रयत्न केला होता, आणि तो अदबीनं केल्यामुळं म्हातारा इथंच रुतून बसला होता. 'निघ इथून म्हाताऱ्या, उद्या फवारणी करायचीय' असं खेकसला असता तर मेंडल शिव्या देत केव्हाच भाचीकडं पोचला असता.

ती त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली. तिनं सगळं सांगितलं. हॅटवाला, पाव, फोटो. शेवटी तिचा आवाज फुटला. "तुमच्या पाया पडते मिस्टर पोमेरान्झ. प्लीज. माझं ऐका. प्लीज जा."

मेंडलचा चेहरा हळूहळू मिटला. त्यानं सुई पायमोज्यात टोचून ठेवली.

"स्टेलिओसचं पोरगं मला जाळेल," तो म्हणाला. "हे मला सांगतेस. आणि 'प्लीज' म्हणून सांगतेस. मला इथून हलवायचं तुला काय कबूल केलंय त्यानं?"

तिला दाराबाहेर काढून त्यानं कडी लावली.

कोपऱ्यावर ट्रॅफिकचा पोलीस मॅलॉय उभा होता. तिचं जुनं गिऱ्हाईक. वेल्मानं त्याला गाठलं.

"मॅलॉय, आमचा मालक इमारत जाळणार आहे."

"पुरावा?"

"तो मला थँक्यू म्हणाला."

मॅलॉय इतका हसला की त्याला कंबर धरावी लागली. "अरे बापरे! बेड्याच घालतो त्याला. आणखी काय म्हणाला? 'गुड नाइट'?" तिनं त्याच्या बाहीला धरलं. "मी मस्करी करत नाहीये." त्यावर तो आणखी हसला. तिच्या खिडकीवर वर्षानुवर्षं उभं राहून हेच शिकला होता तो, वेल्मा जे म्हणते त्याच्या उलट समजायचं. "सोमवारी ऐकवीन सगळ्यांना," तो म्हणाला आणि शिट्टी फुंकत रस्त्यात गेला. त्याच्यावर चिडून तरी काय उपयोग? वेल्मा स्वतःवर चिडली.

रविवारी चर्चमध्ये तिच्या तोंडून गाणं निघेना. दुपारी तिनं कोट अंगावर घातला आणि बस पकडली.

रस्ता निर्मनुष्य होता. शहरालगतच्या मोठ्या तळ्याकडून वारा येत होता आणि कागदाचे कपटे गटारीच्या कडेनं घसटत चालले होते. टपरीची फळी बंद. वरच्या खिडकीचा पडदा ओढलेला. पण ती बघत असतानाच त्याची कड बोटभर हलली. म्हातारा आत होता.

पलीकडच्या बाजूला एक मोटार उभी होती, इंजिन चालू. आत राखाडी हॅट. वेल्मानं तिकडं पाहिलं तसं माणसानं काच खाली केली, हॅट उंचावली आणि मंद हसला. मग मनगट वळवून घड्याळात बघितलं. कुणाला वेळ दिलेली असावी आणि आपण उगाच आधी पोचलो असावं, अशा संकोचानं. वर माणूस आहे म्हणून तो थांबला होता का नुसता अंधार पडायची वाट बघत होता, हे वेल्माला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही.

जिन्यावर जाऊन दार ठोठावण्यात अर्थ नव्हता. कडी होती, आणि विनवण्या तर काल करून झाल्या होत्या. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, खिडकीखाली, आणि फुप्फुसात मावेल तेवढी हवा भरून घेतली.

"ए थेरड्या!"

पडदा हलला नाही.

"ए मेंडल! पडद्याआड लपलायस होय रे बायल्या? सगळ्या गल्लीला सांगू का तू कोण आहेस ते?"

पलीकडच्या घरातली एक खिडकी उघडली. कुणीतरी बाहेर डोकावलं.

"ऐका हो ऐका! हा म्हणे मॅक्सवेल स्ट्रीटचा राजा! अरे, मोजे विकायचास तू तिथं! फाटके मोजे! सॉसेजला तुझा हात तरी लागला होता का कधी?"

पडदा बाजूला झाला. काच वर गेली. मेंडलचं पांढरं डोकं बाहेर आलं, गाल थरथरत होते.

"तोंड सांभाळ, सटवे! माझ्या सॉसेजसाठी माणसं दोन-दोन मैल चालत यायची!"

"पावाचा भुगा भरायचास त्यात, सगळ्यांना ठाऊक आहे! आणि ती बाग? ती स्टेलिओसची अक्कल. तू नुसता मागं उभा राहून नाक शिंकरायचास!"

"खोटं! धडधडीत खोटं!"

गॅलऱ्यांमध्ये माणसं आली होती. कुणीतरी शिट्टी मारली. रविवारी फुकटचा खेळ. वेल्मानं डोळ्याच्या कोपऱ्यातून मोटारीकडं पाहिलं. हॅटवाला हातावर हनुवटी टेकून ऐकत होता. तिनं शेवटचं हत्यार काढलं. ते काढताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

"आणि गाडी! गाडी तू ओढलीच नाहीस रे कधी! स्टेलिओसनं ओढली, बैलासारखी, बर्फात. तू मागून खिशात हात घालून चालायचास. तो पट्टा तुझा नाहीच मुळी. मेल्या माणसाचा पट्टा खिळ्याला लावून मिरवतोस!"

खिडकीतलं डोकं नाहीसं झालं. मग कडी वाजली, आणि मागच्या जिन्यावरून काठीचे ठोके खाली यायला लागले. म्हातारा कोपऱ्यावरून वळून आला तेव्हा एका हातात काठी होती, दुसऱ्यात पट्टा. पायात सपाता, अंगात कोट नाही. चेहरा टोमॅटोसारखा लाल.

"बघ!" तो ओरडला. "हात लाव! इथं माझं खांद्याचं हाड आहे, हे बघ कसं बसतंय! अकरा हिवाळे ओढलीय, अकरा!"

"मला काय कळतंय त्यातलं?" वेल्मा मागं मागं सरकत म्हणाली. "कुणी जाणता सांगू दे. काझिकचा बाप त्या बाजारात होता. काझिक सांगेल."

"चल काझिककडं!"

"चल की! घाबरते का काय!"

अशी ती वरात निघाली. वेल्मा पुढं, तिच्या मागं पट्टा हवेत नाचवत म्हातारा, दर दहा पावलांवर दोघंही थांबून एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करायचे. वेल्माच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडातून शिव्या. वाऱ्यामुळं डोळ्यात कचरा गेलाय असं म्हाताऱ्याला वाटलं असावं. मागं मोटारीचं दार उघडून बंद झाल्याचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं नाही.

काझिकच्या ओसरीवर खटला उभा राहिला. काझिकनं पट्टा उलटसुलट करून बघितला, म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसवून बघितला. त्याच्या बायकोनं मेंडलच्या अंगावर शाल टाकली, कॉफी आणली. काझिक निकाल द्यायला तोंड उघडतो तोच बंबाची घंटा ऐकू आली. मग दुसऱ्या बंबाची. घरांच्या छपरांवर काळा धूर उभा राहत होता. काझिकनं पट्टा हळूच मांडीवर ठेवला. मेंडलनं घंटेकडं लक्ष दिलं नाही, पण त्याला वास आला. सॉसेजच्या चरबीचा, आयुष्यभराच्या ओळखीचा वास.

तो वेल्माकडं वळला. "भवाने," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला. "पट्ट्याबद्दल ते खरं म्हणत नव्हतीस ना?"

"नाही रे," वेल्मा म्हणाली. "नाही."

ते पोचले तेव्हा वरचा मजला खाली आला होता. बंबवाले पाणी मारत होते आणि गर्दीला मागं रेटत होते. मोटार गेली होती. थनासिस आधीच तिथं आला होता. दिवसभर तो ग्रीक लोकांच्या कॉफीच्या अड्ड्यावर चारचौघांत, सगळ्यांना दिसेल असा बसला होता. तिथं त्याला निरोप गेला, आणि चेहऱ्यावर योग्य ते दुःख घेऊन तो आला असणार. पण वरात निघताना न पाहिलेली गर्दीतली कुणी बाई त्याला म्हणाली होती, अहो, म्हातारबाबा वरच होते, दुपारी खिडकीत आम्ही पाहिले. आता दोन बंबवाल्यांनी त्याला धरून ठेवलं होतं आणि तो आगीकडं ओढ घेत होता. त्याच्या भुवया जळाल्या होत्या. तोंडातून ग्रीकमध्ये एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता, लहान मूल आपल्या काकाला हाक मारतं तसा.

"थनासिस," वेल्मानं हाक मारली.

तो वळला. शालीतला मेंडल त्याला दिसला. बंबवाल्यांचे हात सुटले, आणि तो धडपडत आला. हसत होता, रडत होता.

"थेरड्या! अरे सैतानाच्या म्हाताऱ्या! तुझा मुडदा बशिवला, जिवंत आहेस तू! गाढवा, तुला टॅक्सी पाठवली होती ना मी!" त्याचा जुना आवाज परत आला होता, अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारा. त्यानं दोन्ही हात पसरले.

मेंडलनं पट्टा काखेत घेतला. शाल नीट केली. पायात सपाता होत्या, तरी टाचा जुळवून उभा राहिला आणि मान किंचित लववली.

"गुड इव्हनिंग, मिस्टर कूरेलिस," तो म्हणाला. "आपण टॅक्सी पाठवलीत. आपले फार आभार."

थनासिसचे हात तसेच पसरलेले राहिले. त्याला वाटलं असेल, पुढं येईल. त्यानं म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघत वाट पाहिली, जशी काल वेल्मानं त्याच्या तोंडाकडं बघत पाहिली होती.

"शिवी दे ना रे," तो म्हणाला. "एक तरी दे. थोबाडीत मार. वेल्मा, तू तरी..."

वेल्माच्या तोंडाशी होत्या. वीस वर्षांच्या साठलेल्या. त्यातली एक जरी दिली असती तरी तो माणूस तिथंच रडून मोकळा झाला असता. तिनं कोटाची बटणं लावली.

"थँक्यू, मिस्टर कूरेलिस," ती म्हणाली.

तिनं मेंडलच्या कोपराला धरलं आणि त्याला बसच्या दिशेनं वळवलं. "चल रे थेरड्या," ती म्हणाली, "पाय उचल, का आता तुलाही गाडीत घालून ओढू?"

"तुझ्यानं ओढवतोय होय मी," मेंडल म्हणाला.

आवाज दोघांचेही मोठे होते. थनासिसला सगळं ऐकू गेलं.